घराण्याची अब्रू आणि खोटे माप



एलूल महिना लागला आणि पहाटेच्या सेलिहोथ सुरू झाल्या, की आपण आपापल्या मनाच्या वह्या उघडून बसतो. कोणता शब्बाथ मोडला, कोणता उपास चुकला, आईबापांना काय उलट बोललो, हे आपल्याला लवकर आठवते. दुकानाची, ऑफिसची, कारखान्याची वही मात्र आपण बाजूला ठेवतो. तो धर्माचा विषय नव्हे असे आपण धरून चालतो. आपले हाखाम तसे मानीत नसत. तालमुदात हाखाम रावा ह्यांचे सांगणे आहे की, माणूस वरच्या न्यायासनापुढे उभा राहिला म्हणजे त्याला पहिला प्रश्न देवघेवीचा विचारतात, की त्याचा व्यवहार सचोटीचा होता की नाही. तोरा शिकण्यासाठी वेळ राखून ठेवला की नाही, हे त्याच्या मागून येते.

म्हणून आज थोडे व्यवहाराविषयी बोलू. आणि व्यवहारही असा, की ज्यात आपला जीव दुसऱ्याच्या हाती असतो. औषधे, तपासण्या, दवाखान्यातली यंत्रे, हा तो धंदा.

कॅलिफोर्नियातील एलिझाबेथ होम्सची कथा आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. २००३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कॉलेज सोडून तिने थेरानोस नावाची कंपनी काढली. बोटाच्या टोकातून काढलेल्या थोड्याशा रक्तावर शेकडो तपासण्या करणारे यंत्र आपल्यापाशी आहे असे तिने जगाला सांगितले. मासिकांच्या मुखपृष्ठांवर तिचे फोटो आले. २०१४ साली कंपनीची किंमत नऊ अब्ज डॉलर धरली जात होती. यंत्राला नाव दिले होते एडिसन, पण बहुतेक तपासण्या दुसऱ्या कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांवरच होत होत्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये वर्तमानपत्राने हे उघड केले. जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीने तिला चार आरोपांवर दोषी ठरवले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिला सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली. एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागून राहिली आहे. ते चारही आरोप पैसे गुंतवणाऱ्यांना फसवल्याचे होते. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून ती सुटली. धनवानांचे नुकसान कायद्याच्या तराजूत सहज मोजता आले. चुकीचा आकडा हाती घेऊन रात्रभर जागलेल्या माणसाचे नुकसान कशाने मोजणार?

पण ही गोष्ट ऐकताना आपल्याला एक प्रकारचा दिलासा वाटतो, हे खरे की नाही? एक महत्त्वाकांक्षी बाई होती, तिने खोटे बोलायला सुरुवात केली, ती तुरुंगात गेली. आपला तिच्याशी काय संबंध? म्हणून मी आज तुम्हाला जपानात नेतो. तिथल्या गोष्टीत असा एक खलपुरुष सापडत नाही. सगळी सभ्य, मेहनती, घराला जपणारी माणसे आहेत, आणि म्हणून ती गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे.

ऑलिंपस हे नाव आपल्याकडे कॅमेऱ्यावर वाचलेले असेल. पण डॉक्टरांच्या जगात ते नाव दुर्बिणीचे आहे. पोटाची, आतड्याची दुर्बिणीने तपासणी करतात, तोंडावाटे बारीक नळी आत सोडतात, त्या दुर्बिणींच्या जगभरच्या बाजारात सुमारे सत्तर टक्के हिस्सा ह्या एका घराचा गणला जात असे. तुमच्यामाझ्यापैकी ज्यांना कुपत होलीमने ह्या तपासणीसाठी पाठवले, त्यांच्या पोटात बहुधा ह्याच घरची नळी जाऊन आली असेल.

ह्या घराचा आरंभ चांगला होता. ऑक्टोबर १९१९ मध्ये ताकेशी यामाशिता ह्या गृहस्थांनी टोकियोत कारखाना काढला. मायक्रोस्कोप आणि तापमापक, म्हणजे ताप पाहण्याची काचेची नळी, हा त्यांचा माल. कारखान्याचे नाव ताकाचिहो. जपानी कथांप्रमाणे ज्या डोंगरावर देव उतरले त्याचे हे नाव. पुढे परदेशी गिऱ्हाइकांना समजावे म्हणून ग्रीकांच्या देवांच्या डोंगराचे नाव मालावर घातले. (आपल्या तोरेला मानणाऱ्याने डोंगरावरच्या देवांवर जास्त बोलू नये, पण मालावर देवाचे नाव घातले म्हणून माप आपोआप खरे होत नाही, हे आपल्या कोकणातल्या तेलाच्या घाण्यावरही ठाऊक होते.) १९४९ साली तात्सुरो उजी नावाचे तरुण डॉक्टर ह्या कंपनीत आले. जपानात पोटाच्या कॅन्सरने फार माणसे मरत, आणि तो वेळेवर दिसतच नसे. पोटाच्या आतला फोटो घेता येईल काय, असे त्यांनी विचारले. मुत्सुओ सुगिउरा आदी कारागिरांनी त्यांच्याबरोबर खपून १९५० साली पोटात जाणारा कॅमेरा तयार केला. त्यामुळे किती जणांचे प्राण वाचले असतील त्याची मोजदाद नाही. हे मी मुद्दाम सांगतो. पुढे जे घडले ते चोरांच्या अड्ड्यात घडले नाही. ज्या घराने लोकांचे भले केले होते, त्या घरात घडले.

सप्टेंबर १९८५ मध्ये पाच मोठ्या देशांनी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात चलनांविषयी करार केला आणि येन एकदम महाग झाला. परदेशी माल विकणाऱ्या जपानी कारखान्यांचे उत्पन्न घटले. तेव्हा अनेक कारखानदारांनी केले तेच ऑलिंपसच्या अध्यक्षांनीही केले. कारखान्यातला पैसा शेअर्स, रोखे आणि तऱ्हेतऱ्हेच्या व्यवहारांत घातला. त्या काळी जपानात त्याला पैशाची कारागिरी म्हणत. १९९० साली फुगा फुटला. तोटा वाढत वाढत १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शंभर अब्ज येनच्या घरात गेला.

तोटा येणे हे पाप नव्हे. ईयोबाचेही सर्व गेले होते. त्या दिवशी अध्यक्ष भागधारकांपुढे उभे राहून म्हणाले असते, की आमचा अंदाज चुकला, एवढे पैसे बुडाले, तर खुर्ची गेली असती, घराला काही वर्षे त्रास झाला असता आणि गोष्ट संपली असती. तसे झाले नाही. जपानीत ह्यासाठी एक शब्द आहे, तोबाशी. म्हणजे उडवून लावणे. बुडीत कागद परदेशातल्या फंडांना जुन्या, चढ्या किमतीला विकल्याचे दाखवायचे. फंड आपलाच, पैसाही आडवळणाने आपणच पुरवलेला. वहीत तोटा दिसत नाही, कारण तो उडून दुसऱ्याच्या वहीत बसला. १८९७ साली स्थापन झालेली यामाइची ही शेअर दलालांची पेढी नोव्हेंबर १९९७ मध्ये ह्याच रोगाने कोसळली होती, आणि सगळ्या जपानने ते पाहिले होते. तरी ऑलिंपसमध्ये तो तोटा एका अध्यक्षाने दुसऱ्याच्या हाती दिला, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. तिसरे त्सुयोशी किकुकावा, २००१ साली त्या खुर्चीवर बसले.

उडवून लावलेला तोटा कधीतरी भरून काढावाच लागतो. त्यासाठी २००६ ते २००८ ह्या काळात तीन लहान कंपन्या सुमारे ७३ अब्ज येन देऊन विकत घेतल्या. एक दवाखान्यांचा कचरा हाताळणारी, एक चेहऱ्याला लावायची क्रीमे आणि पौष्टिक पदार्थ विकणारी, तिसरी मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची प्लास्टिकची भांडी करणारी. दुर्बिणीवाल्याला भांडी कशाला, असे एखाद्या आजीने विचारले असते. वर्षाच्या आत त्यांची तीन चतुर्थांश किंमत वहीतून पुसून टाकली. २००८ साली जायरस ही इंग्रजी कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरना घेतली, आणि तो सौदा जमवून देणाऱ्यांना दलाली किती दिली? ६८ कोटी ७० लाख डॉलर. अशा सौद्यात शेकड्याला एक-दोन हा रिवाज. इथे शेकड्याला तीसच्या वर. पैसे गेले ते केमन बेटांवरच्या एका अनोळखी कंपनीकडे, जिचे नाव पुढे तिथल्या नोंदवहीतून काढूनही टाकले गेले. २००९ मध्ये हिशेब तपासनीसांनी ह्यावर शंका काढली, तेव्हा त्याच वर्षी हिशेब तपासनीस बदलण्यात आले.

इथे आपल्या शास्त्रातल्या दोन गोष्टी आठवतात. पेकुदे पाराशात मोशे मिश्कानचा हिशेब देतो, सोने किती, चांदी किती, आकड्यांसह. परमेश्वराने ज्याला विश्वासू म्हटले त्या मोशेला कोणी हिशेब मागितला होता? तरी त्याने दिला. आणि मिश्नेत सांगितले आहे की बेथ हमिक्दाशच्या खजिन्यात पैसे काढायला जो शिरे त्याने दुमडलेल्या काठाचा अंगरखा घालू नये, पायांत जोडा घालू नये. उद्या तो श्रीमंत झाला तर लोकांना म्हणायला जागा नको. म्हणजे खजिनदार चोर होता असे नाही. चोख माणसालासुद्धा आपला चोखपणा दाखवावा लागतो. तपासनीसाने शंका काढली म्हणून तपासनीसच बदलणारा माणूस अंगरख्याचा काठ दुमडून खजिन्यात शिरतो.

आता मायकेल वुडफर्ड ह्यांच्याकडे येऊ. हे इंग्रज गृहस्थ. १९८१ साली इंग्लंडातल्या ऑलिंपसच्या शाखेत नोकरीला लागले, तीस वर्षे काम केले, आणि एप्रिल २०११ मध्ये किकुकावा ह्यांनीच त्यांना अध्यक्ष केले. ऑलिंपसच्या इतिहासातले हे पहिले परदेशी अध्यक्ष. त्यांना जपानी वाचता येत नव्हते. त्या उन्हाळ्यात फाक्ता नावाच्या एका लहानशा जपानी मासिकाने त्या तीन कंपन्यांविषयी लेख छापला. एका मित्राने त्याचे भाषांतर करून वुडफर्ड ह्यांना पाठवले. कंपनीतला एकही माणूस त्याविषयी अवाक्षर बोलत नव्हता. ऑगस्टमध्ये त्यांनी किकुकावा आणि उपाध्यक्ष मोरी ह्यांना जेवणाच्या मेजावर विचारले. वुडफर्ड ह्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की त्या दोघांपुढे उत्तम सुशी मांडली होती आणि त्यांच्यापुढे ट्यूनाचे सँडविच. ज्याला खरे ताट द्यायचे नाही त्याला खरे उत्तरही द्यायचे नसते.

त्यांनी संचालकांना पत्रांवर पत्रे लिहिली, बाहेरच्या तज्ज्ञांकडून अहवाल करवून घेतला. १४ ऑक्टोबर २०११ रोजी संचालकांची बैठक भरली. काही मिनिटांत संपली. वुडफर्ड ह्यांना काढून टाकण्याचा ठराव एकमताने झाला आणि त्यांना बोलू दिले नाही. विमानतळावर बसने जा, असे सांगण्यात आले, हेही त्यांनीच सांगितले. ते त्याच दिवशी कागद घेऊन इंग्रजी वर्तमानपत्राच्या बातमीदाराकडे गेले. महिनाभरात शेअरची किंमत ऐंशी टक्क्यांहून अधिक पडली. ८ नोव्हेंबरला कंपनीने तोटा लपवल्याचे कबूल केले.

केदोशीम पाराशाचे एकच प्रकरण उघडून पाहा. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, शेजाऱ्याच्या रक्तावर स्वस्थ उभे राहू नये, चुकणाऱ्या भावाला समजावून सांगावे, तराजू आणि मापे खरी ठेवावीत, हे सर्व तोरेने त्या एकाच प्रकरणात एकमेकांशेजारी ठेवले आहे. आपण मापाची आज्ञा दुकानदाराला देतो आणि स्वस्थ न बसण्याची आज्ञा शूर माणसाला. तोरेने ती दोघांनाही दिली आहे. त्या मेजाभोवती जे संचालक हात वर करून बसले होते, त्यांतल्या अनेकांना लपवलेल्या तोट्याची खबर नसेलही. पण समोर एक माणूस कागद घेऊन उभा आहे आणि त्याला बोलू द्यायचे नाही, एवढे तर प्रत्येकाला दिसत होते.

डिसेंबर २०११ मध्ये बाहेरच्या चौकशी समितीने अहवाल दिला. समितीचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश होते. व्यवस्थापनाचा गाभा सडला होता आणि त्याचा संसर्ग आसपासच्यांना झाला, असा त्यांचा निष्कर्ष. कंपनीने ही दुष्ट गाठ कापून काढावी असेही त्यांनी लिहिले. दुसऱ्यांच्या पोटातली गाठ शोधून देणाऱ्या घराला हे ऐकावे लागले. जुलै २०१३ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने किकुकावा आणि मोरी ह्यांना तीन वर्षांची आणि हिशेब खात्यातून वर चढलेल्या यामादा ह्यांना अडीच वर्षांची शिक्षा दिली, पण ती स्थगित ठेवली. कंपनीला ७० कोटी येन दंड केला. शिक्षा भोगायला ह्या तिघांपैकी कोणाला तुरुंगात जावे लागले नाही. न्यायालयाने हे ध्यानात घेतले की मूळचा तोटा ह्या लोकांनी केलेला नव्हता.

बंधुभगिनींनो, माझ्या मते ह्या गोष्टीचे सार इथे आहे. एलिझाबेथ होम्सला नाव हवे होते. ह्या माणसांनी त्या लपवालपवीतून आपली घरे भरली असे चौकशीत निघाले नाही. त्यांना घराची अब्रू हवी होती. आपल्या आधीच्या वडीलधाऱ्यांची चूक चारचौघांत कशी उघडी करायची? हजारो कामगारांच्या पोटावर पाय कसा द्यायचा? असे बोलणे आपल्याला किती ओळखीचे आहे! कोकणातल्या कुठल्याही ओटीवर, आणि डिमोना-अश्दोदच्या कुठल्याही दिवाणखान्यात, अब्रू हा शब्द ऐकू येतो. घरातले घरात राहू दे, असे म्हणणारा माणूस आपल्याला समंजस वाटतो.

तालमुदात बाबा कामा मसेखेतमध्ये ह्यावर एक निर्णय आहे. एक माणूस तोरेने मना केलेले व्याज घेत असे. तो वारला. मुलांच्या हाती त्या व्याजाचे पैसे आले, आणि ते व्याजाचे आहेत हे मुलांना ठाऊक आहे. हाखाम म्हणतात, ते परत देण्याची मुलांवर सक्ती नाही, घेतले बापाने. पण त्याने गाय ठेवली असेल, झगा ठेवला असेल, पाहिल्याबरोबर लोकांना ओळखता येईल अशी कोणतीही वस्तू ठेवली असेल, तर मुलांनी ती परत केलीच पाहिजे. कारण काय दिले आहे? बापाचा मान. ती गाय दारात बांधलेली दिसेल तोवर येणारा-जाणारा म्हणेल, ही अमक्याकडून त्याच्या बापाने उकळली. मान राखायचा तर गाय मूळ धन्याच्या गोठ्यात जायला हवी. आपण ह्याच्या उलट करतो. बापाचा मान राखण्यासाठी गाय आतल्या खोलीत बांधतो, तिच्या तोंडाला फडके बांधतो, आणि मग तिला चारा घालायला आणखी दोन खोटी बोलतो. किकुकावा ह्यांनी दहा वर्षे चारा घातला. तो आला भागधारकांच्या खिशातून. ह्या भागधारकांत मोठ्या पेढ्या होत्या, तशी म्हातारपणासाठी पै-पै ठेवणारी माणसेही होती. २०१७ साली टोकियोच्या न्यायालयाने माजी अधिकाऱ्यांना सुमारे ५९ अब्ज येनची भरपाई द्यायला सांगितले. एवढी रक्कम कोणाच्या सात पिढ्या फेडणार?

यहेज्केल नबीने सांगून ठेवले आहे की मुलाने बापाचा अपराध वाहू नये. पण त्यात एक अट आहे. मुलगा ते पाहतो आणि तसे करीत नाही, तेव्हा तो मोकळा होतो. पाहणे ही पहिली पायरी. खुर्चीबरोबर बंद पेटी मिळाली आणि ती उघडून पाहिल्यावर पुन्हा बंद केली, की तेव्हापासून ती पेटी आपली.

कोणी म्हणेल, हा सगळा पैशाचा मामला झाला. दुर्बिणी तर चांगल्याच होत्या ना? मलाही तसे म्हणायला आवडले असते.

पित्ताच्या नळीतला खडा काढायला एक वेगळी दुर्बीण वापरतात. तिच्या टोकाला एक इवलीशी हलणारी पट्टी असते. ऑलिंपसच्या टीजेएफ-क्यू१८०व्ही ह्या नमुन्यात त्या पट्टीच्या मागे जंतू अडकून राहत, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे धुऊनही निघत नसत. २०१२ साली हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या इरॅस्मस रुग्णालयात बावीस रुग्णांना त्यातून लागण झाल्याचे आढळले. दुर्बीण उघडून तपासली गेली, अहवाल झाला, कंपनीला कळले. २०१३ च्या आरंभी युरोपातल्या रुग्णालयांना इशारा गेला. अमेरिकेतल्या रुग्णालयांना तो तेव्हा मिळाला नाही. त्यानंतर तिथे सिअॅटल, लॉस एंजेलिस अशा ठिकाणी रुग्ण आजारी पडले, काही दगावले. अमेरिकेच्या सिनेटमधल्या चौकशीने २०१६ साली सांगितले की २०१२ ते २०१५ ह्या काळात अशा दुर्बिणींतून (त्यांत दुसऱ्या जपानी कंपन्यांचाही माल होता) पंचवीस ठिकाणी मिळून किमान अडीचशे रुग्णांना लागण झाली. डिसेंबर २०१८ मध्ये ऑलिंपसच्या वैद्यकीय कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. सरकारला ज्या घटना कळवायच्या त्या वेळेवर कळवल्या नाहीत, हा तो गुन्हा. दंड आणि जप्ती मिळून साडेआठ कोटी डॉलर भरले.

तारखा पाहा. वुडफर्ड ह्यांना काढले ते २०११ साली. संचालक बदलले, माफी मागून झाली, नवे नियम झाले. आणि इरॅस्मसचा अहवाल आला तो त्याच्या दुसऱ्याच वर्षी. एकाचे दुसऱ्याशी नाते आहे हे मला सिद्ध करता येणार नाही. खाती वेगळी, माणसे वेगळी. पण वाईट बातमी प्रथम आपल्या घरात दाबून पाहायची, ही सवय वहीच्या पानापुरती राहत नाही.

आपला दीन इथे अगदी स्पष्ट आहे. विकत्या मालात दोष असेल तर विकणाऱ्याने तो आपण होऊन सांगायचा. विचारले नाही म्हणून सांगितले नाही, हे उत्तर चालत नाही. हाखाम शमुएल ह्यांनी तर म्हटले आहे की कोणाच्याही मनाची फसवणूक करू नये, तो इस्राएल असो वा परका. मनाची चोरी असा शब्द त्यासाठी आहे, आणि चोरांचे प्रकार मोजताना हाखामांनी ती सर्वांच्या आधी ठेवली. ज्याच्या नाकातोंडात नळी आहे, ज्याला गुंगी दिली आहे, त्याच्याहून आंधळा कोण? त्याच्या वाटेतले अडखळण म्हणजे ती पट्टी.

आता जरा घरात येऊ. आपल्यात लग्न जुळवताना मुलाला फिट येते, मुलीला लहानपणापासून औषध चालू आहे, हे सांगावे की नाही, ह्यावर घरोघर कुजबुज होते. एकदा लग्न होऊ द्या, मग कळेल, असे शहाणी माणसे सांगतात. त्यात कोणाचा खिसा भरत नाही. सगळे मुलाच्या भल्यासाठी आणि घराच्या नावासाठीच. आपल्या दीनाप्रमाणे असा मोठा दोष लपवता येत नाही. आधी सांगितल्यावर सोयरीक मोडेल, हे खरे आहे. मोडते. पण आधी मोडलेली सोयरीक आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी उघडलेले औषधाचे कपाट ह्यांतले कोणते दुःख मोठे, हे ज्यांच्या घरात घडले त्यांना विचारा. तसेच एखाद्या मंडळाच्या वहीचे. गेल्या कमिटीच्या काळातली तूट नव्या खजिनदाराला सापडते, आणि जुने लोक म्हणतात, दिवंगत माणसाचे नाव कशाला काढता, पुढच्या वर्गणीतून भरून काढू. खजिनदाराने काय करावे हे मी वर गाईच्या निर्णयात सांगितलेच आहे.

घराण्याचा मान राखण्याची दुसरी रीतही आपल्या पूर्वजांना माहीत होती. बेथ हमिक्दाशमध्ये धूप तयार करण्याचे काम अवतिनास घराण्याकडे होते. त्या घरातली नवरी कधी सुगंध लावून बाहेर पडत नसे, आणि बाहेरची मुलगी सून करून आणताना तीच अट घालीत, म्हणजे कोणी म्हणू नये की देवाच्या धुपातून ह्यांनी आपल्यासाठी काढून घेतले. भाकरी करणाऱ्या गार्मू घराण्यातल्या मुलांच्या हाती कधी पांढऱ्या पिठाची भाकर दिसत नसे. (ही घराणी आपली विद्या दुसऱ्याला शिकवीत नसत म्हणून हाखामांचा त्यांच्यावर रागही होता. तालमूद कोणालाही पुरता देव करीत नाही.) विचार करा, आपल्या लग्नाच्या दिवशी त्या मुलीला सुगंध लावावासा वाटला नसेल काय? ती किंमत तिने भरली. ऑलिंपसच्या अध्यक्षांना भरावी लागणारी किंमत एका खुर्चीची होती.

दारफाळणीच्या सणी आपण पापांची कबुली अनेकवचनात देतो. आम्ही अपराध केला, आम्ही विश्वासघात केला. ज्याने आयुष्यात दमडी चोरली नाही तोही छातीवर मूठ ठेवून हेच म्हणतो. लहानपणी मला वाटे, हे चोराला एकटे पडू नये म्हणून. वय झाल्यावर मला त्या मेजाभोवतालचे वर झालेले हात दिसतात.

एका माणसाचे नाव राहिले. मासाहारु हामादा हे ऑलिंपसमधले विक्री खात्याचे कर्मचारी. वुडफर्ड अध्यक्ष होण्याच्या चार वर्षे आधी, २००७ साली, आपले वरिष्ठ व्यवहारातल्या दुसऱ्या कंपनीची माणसे फोडत आहेत हे त्यांना योग्य वाटले नाही. तक्रारीसाठी कंपनीने जी गुप्त व्यवस्था ठेवली होती, तिथे त्यांनी ते कळवले. त्या खात्याने त्यांचे नाव त्यांच्याच वरिष्ठांना सांगितले. मग बदली झाली, ज्या कामाचा अनुभव नाही अशा जागी बसवले, नव्या उमेदवारांची पुस्तके वाचायला दिली. ते राजीनामा देतील अशी अपेक्षा असावी. त्यांनी नोकरी सोडली नाही, कोर्टात गेले, आणि खालच्या कोर्टात हरल्यावर वर गेले. ऑगस्ट २०११ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि कंपनीशी शेवटची तडजोड व्हायला २०१६ साल उजाडले. तोपर्यंत, नऊ वर्षे, ते त्याच कंपनीत रोज कामावर जात होते.